सात नामांची काच

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. माझा घड्यांचा कातडी भाता चिरला आहे, पितळ काळवंडले आहे; पण एक गोष्ट मी अजून जशीच्या तशी सांगू शकतो.

मला एका सुताराने घडवले आणि एका छायाचित्रकाराने जीव लावला. माझ्या पोटात फोटो उमटवणारी काच बसवायची, भिंगावरचे झाकण काढायचे आणि घड्याळाकडे न बघता सात वेळा देवाचे नाव घ्यायचे, ही त्या माझ्या मालकांची रीत. सातवे नाम झाले की झाकण परत. तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. लोक माझी तोंडभरून स्तुती करत. मग खिशाखिशात फोन आले आणि माझ्यावर चादर पडली.

ती निघाली मालकीणबाई अंथरुणाला खिळल्यावर. जगाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. बाईंचे हात सारखे थरथरत आणि डब्यात काच उरली होती एकच.

“बाबा, फोनवर काढू ना, क्षणात होईल,” लेक म्हणाली.

“त्यात क्षणच येतो गं. मला तुझी आई जरा जास्त वेळ हवीय.”

“अहो, जन्मभर लोकांना हलू नका म्हणून दटावलंत,” बाई हसल्या, “आणि शेवटचं गिऱ्हाईक हे असं!”

त्यांनी हात एकमेकांत घट्ट धरले. मी झाकणाविना त्यांच्याकडे बघत राहिलो. मालक त्या दिवशी नाम मोठ्याने घेत होते. पाचव्या नामानंतर त्यांचा गळा दाटला. उरलेली दोन बाईंनीच पुरी केली.

लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात चेहरा हळूहळू वर आला. हात स्थिर होते. ओठ मात्र पुसट.

“एकच काच होती,” मालक मटकन खाली बसले. “तीही वाया घालवली मी.”

काच वाळल्यावर लेकीने ती खिडकीशी धरली. पुसट ओठांकडे तिने बोट दाखवले.

“वाया कुठे, बाबा? आई नाव घेतेय.”

आठवड्याने बाई गेल्या. काच अजून त्या खिडकीत आहे. मालक रोज तिच्यासमोर बसतात, पाच नामे घेतात आणि थांबतात.

मित्रांनो, घरातला जुना फोटो पुसट आहे म्हणून टाकू नका; त्यात कुणीतरी अजून बोलत असेल. आणि नाम घेताना तुमचा गळा कधी दाटलाच, तर उरलेली दोन पुरी करणाऱ्या त्या माउलीची आठवण ठेवा.