फडकं बांधलेली घंटा

मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला शाळा आठवेल, नाहीतर देऊळ. मी त्या दोन्हींपैकी कुठलीच नव्हे. मी मतदानाची घंटा. पितळी वाटी, विजेवर हलणारा टोला आणि आवाज असा की जेवणाऱ्यानं हातातला घास ताटात टाकून उठावं. हल्ली लंडनच्या एजवेअर भागातल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. तार तुटली आहे, म्हणून मुकी आहे. पण माझाही एक काळ होता, आणि तो मी सांगणारच.

हदासाबाई आणि इझिकेल हे मराठी बोलणारं ज्यू जोडपं मुंबईहून लंडनला आलं. पार्लमेंटजवळ त्यांनी खाणावळ काढली. तिथं खासदार जेवायला येत. सभागृहात मत घ्यायची वेळ झाली की तिथल्या घंटांबरोबर मीही खणखणे. मग आठ मिनिटांत आत पोचायचं. दारं लागली की मत गेलं. पळणाऱ्याचं ताट हदासाबाई झाकून गरम ठेवत. कुणी गळ्यातला रुमाल तसाच घेऊन धावे, आणि मला भारी हसू येई. दर रविवारी इझिकेल मला चिंचेनं घासून लख्ख करत. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

एक्क्याण्णवचा जानेवारी उजाडला. दूरच्या एका हुकूमशहानं शेजारचा देश गिळला होता. त्याच्याविरुद्धच्या लष्करी कारवाईला पाठिंबा देणारा ठराव सभागृहात यायचा होता. हदासाबाईंचा मुलगा बेंजामिन ब्रिटिश फौजेत नर्स होता, आणि त्याची तुकडी आधीच वाळवंटात पोचली होती. सगळ्या सभागृहानं एका आवाजात आपल्या मुलाच्या पाठीशी उभं राहावं, एवढंच त्या माउलीला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी बाईंनी खाणावळ बंद ठेवून मलिदा केला. गोड पोहे, वर खोबरं, खजूर, फळं, आणि एलियाहू पैगंबराला नवस, की पोरगं सुखरूप परत येऊ दे. प्रार्थनेत मी मध्येच केकाटू नये म्हणून त्यांनी माझ्याभोवती फडकं घट्ट बांधलं. आणि ते सोडायला विसरल्या.

संध्याकाळी कार्डिफकडचे म्हातारे खासदार प्राइससाहेब आले. रोजचं गिऱ्हाईक, कानानं जरा कमी. आपण ठरावाच्या विरोधात मत देणार, हे त्यांनी बाईंना सरळ तोंडावर सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी भात वाढला.

तेवढ्यात माझ्यात वीज आली. मी जिवाच्या आकांतानं हलत होते, पण फडक्यातून नुसतं टकटक. इझिकेलनी वर पाहिलं. ते बायकोला हळूच मराठीत म्हणाले, "राहू दे. ठराव पास होणारच आहे. यांचं एक गेलं तर काय बिघडतं?"

बाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आज ही बाई मला मुकीच ठेवणार.

"अहो, माझा मुलगा तिकडे गेलाय तो कुणाचं तोंड बंद करायला नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली.

मी अशी वाजले की खिडक्यांची तावदानं थरथरली. प्राइससाहेब टोपी विसरून धावले.

ठराव प्रचंड मतांनी मंजूर झाला. साहेब हरून परतले. बाईंनी झाकलेलं ताट पुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच समोर बसल्या. साहेब एवढंच म्हणाले, "मुलगा आला की मला कळवा."

उन्हाळ्यात बेंजामिन आला. नवस फेडायला पुन्हा मलिदा झाला, साहेबही जेवायला होते. नेमकी प्रार्थनेच्या मध्येच मी वाजले. फडकं आणायला कुणीही उठलं नाही. साहेब उठले, बाईंनी त्यांचं पान झाकलं आणि प्रार्थना पुढे चालू राहिली.

आता खाणावळ नाही. हे स्वयंपाकघर बेंजामिनचं. माझ्यावर धूळ साचते, त्याचं वाईट वाटतं. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, कानाला नकोशी वाटणारी. तिला अधूनमधून फडक्यानं पुसा. बांधू मात्र नका.