मैदानाबाहेरून सूचना देऊ नयेत

शशी देवधरची छापील कागदावर जी श्रद्धा होती, तिचं त्याच्या बायकोला, सुनीतीला, लग्नाच्या पहिल्या वर्षी कौतुक वाटलं होतं. त्यानंतर कधीच नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बसमध्ये खिडकीवर चिकटवलेल्या सूचना, कचऱ्याच्या डब्यांबद्दल कौन्सिलने पाठवलेलं पत्रक, सगळं हा माणूस हातात बॉलपेन घेऊन वाचायचा. त्यामुळे मुलीच्या शाळेतून राउंडर्सच्या टीमची आचारसंहिता घरी आली, तेव्हा आता आपली धडगत नाही हे सुनीती समजून चुकली.

राउंडर्स म्हणजे बेसबॉलचीच इंग्लंडमधली थोरली बहीण. आखूड दांडकं, एका हाताने मारायचा फटका, चार खांब. चारही खांबांना वळसा घालून आलं की एक राउंडर. उन्हाळा आला की इंग्लंडातल्या शाळाशाळांतून मुली हा खेळ खेळतात, आणि साउथहॅम्प्टनमधल्या दियाच्या शाळेला तर त्याचं वेडच होतं. पंधरा वर्षांची दिया चौथ्या खांबापाशी उभी राहायची. सगळा हिशेब तिथेच चुकता होतो, म्हणून तिथे टीममधले सर्वांत भरवशाचे हात लागतात, आणि ते दियाचे होते. तिच्या आईबापांपैकी कुणी जन्मात चेंडू धड झेलला नव्हता. मग हे हात आले कुठून, याचं घरात सगळ्यांनाच नवल होतं.

आचारसंहितेत नवीन असं काही नव्हतं. वेळेआधी हजर राहा. शर्ट खोचा. केस बांधा. कानात-गळ्यात काही नको. अंपायरशी वाद घालू नका. आपली चूक आपल्याला माहीत असेल तर स्वतःहून सांगा. टीममधून वगळलं तरी गणवेशात या आणि मैत्रिणींना प्रोत्साहन द्या. शेवटी पालकांसाठी दोन ओळी होत्या, मैदानाबाहेरून सूचना देऊ नयेत आणि दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवाव्यात. खाली खेळाडूची आणि पालकाची सही. इतर मुलींच्या घरी तो कागद वाचला गेला असेल तर सही कुठे करायची ते शोधण्यापुरता. देवधरांकडे तो लॅमिनेट होऊन फ्रिजवर चढला. वर शशीने दियाला तो मोठ्याने वाचायला लावला, लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणायला लावायचा तसा.

"बाबा, इट्स जस्ट राउंडर्स," दिया म्हणाली.

"जस्ट काही नसतं. सही केलीस ना? मग ते तुझं वचन झालं."

सुनीती पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली. बोलून काय होतं, हे तिला ठाऊक होतं. शशी हॉस्पिटलमध्ये भुलीचा डॉक्टर होता. काही वर्षांपूर्वी एका पेशंटच्या वेळी त्याने चुकीचं औषध सिरिंजमध्ये भरलं. टोचायच्या आधीच त्याच्या लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, कुणी पाहिलंही नाही. तरी हा गडी आपणहून वर सांगायला गेला. नियम होता तसा. सगळ्यांनी 'वेल डन, शशी' म्हणत पाठ थोपटली. पुढच्या वर्षी कन्सल्टंटची, म्हणजे बढतीची, जागा निघाली ती दुसऱ्यालाच मिळाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असं शशी म्हणायचा. सुनीतीला राग यायचा तो या म्हणण्याचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे पुण्यातल्या पोरासोरांनाही कळतं. हा एवढा शिकलेला माणूस, पण आयुष्यभर दाखवायच्या दातांवर विश्वास ठेवून बसला होता.

जूनमध्ये गटातला शेवटचा सामना आला. फायनल आधीच पक्की होती, पण कित्येक वर्षांत शाळा घरच्या मैदानावर हरली नव्हती, आणि मिसेस प्रिचर्ड, म्हणजे टीमच्या बाई, त्या गोष्टीला फार जपत. पालक घडीच्या खुर्च्या घेऊन ओळीने बसले होते. जॉर्जिया नावाच्या मुलीचा बाप, केव्हिन, नेहमीप्रमाणे उभा राहून अंपायरची आई-बहीण काढत होता. केव्हिनचं टाइल्सचं दुकान होतं आणि टीमच्या सगळ्या शर्टांवर त्या दुकानाचं नाव होतं. त्यामुळे त्याचं बोलणं कुणाच्याच कानापर्यंत पोहोचत नसे.

समोरच्या संघाची शेवटची मुलगी खेळत होती. तिने राउंडर काढला तर सामना त्यांचा. तिने मारला तो चेंडू चौथ्या खांबाच्या मागे उंच गेला. दिया उलटी धावली, पडली, आणि उठली तेव्हा चेंडू तिच्या हातात होता. अंपायरने बोट वर केलं. मुली किंचाळत दियाकडे धावल्या.

चेंडू गवताला लागला होता. दियाच्या हातातून घरंगळला होता आणि तिने तो परत उचलला होता. अंपायरला तिच्या पाठीमुळे ते दिसलं नाही, पण सुनीतीला अगदी स्वच्छ दिसलं. तिच्या मनात तेवढ्यात एकच विचार आला, की देवा, शशीला दिसलं नसू दे.

"दिया!" शशी खुर्चीवरून उठला होता. "दिया, खरं सांग! टेल देम!"

सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या. पोरीचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. ती बापाकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला आणि अंपायरला सांगितलं. बाद झालेली मुलगी परत आली, तिने पुढचाच चेंडू टोलवला आणि चारही खांबांना वळसा घालून आली. शाळा हरली.

मिसेस प्रिचर्ड सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वेल डन, दिया."  ते दोन शब्द सुनीतीने पूर्वी शशीच्या वेळी ऐकले होते.

त्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरलेला तसाच घरी आला. एरवी मुली त्यावर तुटून पडत. पुढच्या आठवड्यात दिया सरावाला गेली तर तिच्याशी कुणी बोलेना. जॉर्जियाने तिला 'सेंट दिया' असं नाव ठेवलं होतं. आणि शुक्रवारी फायनलची टीम लागली, तिच्यात दियाचं नाव नव्हतं. चौथ्या खांबावर जॉर्जिया.

त्या फायनलला काउंटीच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं यायची होती. दिया वर्षभर त्यासाठी जीव तोडत होती. हिवाळ्यात सुद्धा गॅरेजच्या दाराशी चेंडू मारून झेलायची, शेजारच्या म्हातारीने तक्रार केली तेव्हा कॉमनवर, म्हणजे गावच्या मोकळ्या माळावर, जाऊन झेलायची. बातमी घेऊन आली ती थेट जिन्यावर जाऊन बसली, बूट न काढता.

"माझा चूक काय होता?" ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "तू सांगितलं म्हणून मी सांगितलं. आय डिड द राइट थिंग, बाबा."

"हो. तू बरोबरच केलंस," शशी म्हणाला. "मी जातो शाळेत."

सुनीतीला खरं तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा भांडायला निघाला होता. स्वतःसाठी नाही निघाला, पोरीसाठी तरी निघाला. त्याने टाय बांधला, फ्रिजवरचा कागद काढून घेतला, आणि तीही रजा टाकून त्याच्याबरोबर गेली. गाडीत त्याने काय बोलायचं ते दोनदा म्हणून दाखवलं. चांगलं बोलत होता. आपली चूक स्वतःहून सांगा असं तुम्हीच लिहिलंत, मुलीने ते केलं, मग शिक्षा कसली? याला काय उत्तर असणार?

उत्तर होतं. मिसेस प्रिचर्डनी आधी चहा विचारला. शशीचं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं. मग त्याच्याच हातातला लॅमिनेट केलेला कागद आपल्याकडे वळवून शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

"डॉक्टर देवधर, तुम्ही मैदानाबाहेरून ओरडलात. चालू सामन्यात खेळाडूला सूचना दिलीत. इतर पालकांनी तशी तक्रार केली आहे. पालकांनी नियम मोडला तर एक सामना खेळाडूला बाहेर बसावं लागतं, असंच आम्ही करतो. दियाच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला आदरच आहे."

सुनीतीच्या डोळ्यांपुढे केव्हिन उभा राहिला, तोंडातून फेस काढत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. ती बोलणारच होती. "आणि जॉर्जियाचे वडील?" एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शशीने तिच्या हातावर हात ठेवला. तो कागदाकडे पाहत होता. त्या ओळी त्याला तोंडपाठ होत्या, पण आपल्यालाही त्या लागू आहेत हे बहुधा त्याला आत्ता उमगत होतं.

"हो," तो म्हणाला. "लिहिलेलं आहे खरं. माझं चुकलं. आय अपॉलोजाइज."

वर त्याने चहाबद्दल आभारही मानले.

बाहेर पार्किंगमध्ये सुनीतीचा तोल सुटला. "शशी, तुला लाज नाही वाटली? त्या बाईला टीम हरली त्याचा राग आहे, बाकी काही नाही! तो केव्हिन इतक्या शिव्या देतो, त्याच्या पोरीला कधी बाहेर बसवलं?"

"त्याने नियम मोडला म्हणून मी मोडलेला चालतो का?"

"तुझ्या नियमांना जाळायचंय मला!"

"सुनीती, मी ओरडलो होतो. खोटं कसं सांगू?"

दगडावर डोकं आपटून डोकंच फुटतं. घरी येऊन त्याने दियाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिच्यावर अन्याय नाही, शिक्षा खरी आपली आहे, तिला ती भोगावी लागते याचं वाईट वाटतं, असंही म्हणाला. आणि वगळलेल्या खेळाडूने गणवेशात हजर राहायचं असतं, तेव्हा फायनलला जायचंच. दिया रडली नाही. रडली असती तर सुनीतीला बरं वाटलं असतं.

फायनल विंचेस्टरला होती. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, जुलै असून हवेत गारठा होता, आणि सुनीती कार्डिगनची सगळी बटणं लावून बसली होती. दिया खोचलेल्या शर्टात, केस बांधून, पाण्याच्या बाटल्या वाटत होती. बाटली घेताना मुली तिच्याकडे बघत नव्हत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो पोरगी अख्खा दिवस खात होती. शशी ताठ बसून चांगल्या खेळाला टाळ्या वाजवत होता, दोन्ही संघांच्या.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटी चेंडू चौथ्या खांबाच्या मागे उडाला, जिथे देवधर बसले होते अगदी त्यांच्या पुढ्यात. जॉर्जिया मागे धावली, वाकली, चेंडू तिच्या बोटांतून निसटला, गवतावर टेकला, आणि तिने तो झटकन उचलून वर धरला. अंपायर लांब होता. त्याने बोट वर केलं.

मैदान दणाणलं. केव्हिन खुर्ची उलथून आत धावला. जॉर्जियाने क्षणभर बाजूला पाहिलं, तिथे बाटल्यांची टोपली घेऊन दिया उभी होती, आणि लगेच नजर वळवली. दियाने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघत होती.

सुनीतीही त्याच्याकडेच बघत होती. त्याला दिसलं होतं. त्याचे दोन्ही हात खुर्चीवर दाबलेले होते, अंग अर्धवट उठलेलं होतं, तोंड उघडलं होतं. आता ओरडेल, तिला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की ओरड बाबा, एकदाचा ओरड. ती मुलगी तिथे उभी आहे, तिच्यासाठी तरी ओरड.

शशी परत खाली बसला. चष्मा सारखा केला. मग त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मिसेस प्रिचर्डनी जॉर्जियाला मिठी मारली. काउंटीच्या माणसांनी तिचं नाव विचारून घेतलं. दियाने रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, टोपली जागेवर ठेवली आणि गाडीत येऊन बसली.

गाडी साउथहॅम्प्टनकडे निघाली. मोटरवेवर लागल्यावर मागून दियाचा आवाज आला, अगदी साधा, शाळेतलं काही विचारावं तसा.

"बाबा, तो लास्ट कॅच. बॉल खाली पडली होती ना?"

शशीने आरशात पाहिलं. इंडिकेटर दिला, लेन बदलली, इंडिकेटर बंद केला.

"मला नीट दिसलं नाही गं," तो म्हणाला. "ऊन येत होतं डोळ्यांवर."

सुनीतीच्या कार्डिगनची बटणं अजून गळ्यापर्यंत लावलेली होती. काचेवर पावसाचे बारीक थेंब यायला लागले होते. हा माणूस एकदा तरी खोटं बोलायला शिकू दे, म्हणजे जगेल, असं ती किती वर्षं म्हणत आली होती. तो शिकला. फक्त ज्या दिवशी शिकायला हवं होतं त्या दिवशी नाही, आणि जिच्यासमोर शिकायला नको होतं तिच्यासमोर.

"ओके," दिया म्हणाली. थोड्या वेळाने तिने कान चाचपले, खिशातून कानातली काढली आणि एकेक करून घातली.

"मला पण नाही दिसला," ती म्हणाली.

शशीने वायपर लावला.