टोरीच्या तेलाची वाटी

सिंकमधलं पाणी काठाला लागलं तेव्हा माझ्या सुनेच्या, मदीहाच्या हातात शेवटचं पातेलं होतं. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. माझ्यामागे, पुढच्या खोलीत, तिचे अब्बा जेवत होते. मुलीला भेटायला ते सकाळच्या गाडीने पोंभुर्ण्याहून आले होते.

"परत?" मी म्हणालो.

"हौ अब्बा. सकाळपासूनच उतरून नाई राह्यलं."

"काय ओतलं तुनं यात?"

"काई नाई ओतलं."

"काई नाई ओतलं त पाण्याचं पोट दुखून राह्यलं का? अडून काऊन बसलं ते?"

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. सुनेशी बोलताना आवाज कुठे थांबवायचा हे मला आधी कळत असे. माझी बायको कनीज असती तर ती आतून नुसती खाकरली असती आणि मी गप्प झालो असतो. पण कनीज पावसाळ्यात गेली. आता खाकरणारं कोणी नव्हतं.

"तुझ्या अम्मीच्या राज्यात एक दिवस हे सिंक जाम झालं नाई," मी म्हणालो. "अयूब मिस्त्रीच्या घरचं सिंक आहे हे. मी लोकाईच्या घरी जाऊन सांगतो, तेल ओतू नका, भाताची पेज ओतू नका. आन् माझ्याच घरी हे?"

इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढच्या खोलीकडे वळलो.

"अकरमभाई, तुमच्याकडं मोरीचं पाणी सीधं परसात सोडून देते ना? पोरीले पाईप काय असते ते शिकवाचं राहूनच गेलं तुमचं."

अकरमभाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते शिलाईचं काम करतात, कमी बोलतात. उठून ते हात धुवायला अंगणातल्या नळावर गेले, कारण आत पाणी उतरत नव्हतं. रुमालाने एकेक बोट पुसत परत आले.

"अयूबभाई," ते म्हणाले, "घरातली बाई गेली की मानसाची जबान अशी होते. मी समजतो. पन मदीहाले मी चार दिवस घेऊन जातो. दुपारच्या गाडीनं. नदीमले मी फोन करतो."

नदीम माझा मुलगा. तो गाडी चालवतो, त्या दिवशी सिरोंच्याकडे गेला होता. मी म्हणालो, "न्या ना. पोरगी तुमचीच आहे." हेही बोलायला नको होतं.

अहेरीत माझं काम नळांचं. मोटर बसवतो, टाकी जोडतो, पण जास्त बोलावणी स्वयंपाकघरातून येतात. नळ टिपकतो, सिंक तुंबतं, खालचं कपाट ओलं होऊन फुगतं. काम झालं की मी घरातल्या बाईला ठरलेल्या चार गोष्टी सांगतो. सिंकवर जाळी ठेवत जा. नळ बंद झाल्यावर पुन्हा जोर लावून पिळू नका, वॉशर कापलं जातं. कधी कधी खाली हात घालून पाहा, पाईप ओला लागला तर लगेच बोलवा, लाकूड सडायची वाट पाहू नका. आणि तेलाचं भांडं आधी पुसा, मग धुवा. तेल गरम असताना पाण्यासारखं जातं आणि पाईपात बसून राहतं. हे सगळं सांगून झालं की शेवटी मी म्हणत असे, "माझ्या घरी येऊन पाहा. घर बांधलं तवापासून सिंक तुंबलं नाई." लोक मान डोलवत. मला बरं वाटे. तो पाईप मी माझ्या हाताने टाकला होता.

त्या दिवशी मी पाना शोधत होतो, मदीहा आत बॅग भरत होती, तेव्हा फाटकातून हाक आली.

"बाई ओ! राख आनली!"

बाजाराचा दिवस होता. मंगलीबाई डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी सांभाळत अंगणात आली. ती जंगलातल्या गावची. मोहफुलं, चारोळी, टोरीचं तेल, जे असेल ते घेऊन बाजाराला येते. टोरी म्हणजे मोहाची बी. बाजार झाला की ती आमच्याकडे चहा प्यायची, कनीजजवळ बसायची आणि राखेची पिशवी देऊन जायची. पावसाळ्यात तिच्या गावचा नाला भरतो, मग धानाची कापणी. त्यामुळे ती आता आली होती.

"बाई कुठी गेली मिस्त्रीभाऊ? झोपली का? म्हना, मंगली मेली नाई, जित्ती हाय."

मला सांगावं लागलं. चार शब्द होते, तेही मी नीट सांगितले नाहीत. तिने टोपली उतरवली आणि पायरीवर बसली. बराच वेळ पदर तोंडाला लावून होती. मग तिला राखेची पिशवी दिसली. ती उचलून तिने मांडीवर घेतली.

"मले कोनी सांगतलं नाई," ती म्हणाली. "मी चुलीतली राख दर खेपेले चाळून ठेवून राह्यली होती. बाईले खडा चालत नसे."

"ठेवून दे," मी म्हणालो. "भांडे घासाले होईन."

तिने मान वर केली. "भांडे घासाले? भांडे त ती साबनानं घासे. राख पुसाले लागे."

"काय पुसाले?"

"तेल, भाऊ. कढई, तवा, मटन शिजवाचं गंज. राख टाकून पुसे, तेल राखेत जाये, मंग सिंकात. आन् तुमची ती टोरीच्या तेलाची वाटी. मी म्हनलं बाई, एवढ्याशा वाटीले कायले राख? त हासे. म्हने, हिवाळ्यात टोरी तुपावानी गोठते. मिस्त्रीच्याच पायपात गोठली त मिस्त्री अहेरीत तोंड कसं दाखवन?"

ती हे सांगताना रडता रडता हसली. मी हसलो नाही.

माझे गुडघे या कामात गेले. सिंकखाली, टाकीखाली, ओल्या फरशीवर बसून बसून गेले. हिवाळा लागला की रोज संध्याकाळी टोरीचं तेल गरम करून लावावं लागतं. आधी कनीज लावून द्यायची आणि वाटी घेऊन जायची. वाटी कुठे जाते, तिचं काय होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर मी स्वतः लावू लागलो. सुनेने सासऱ्याची तेलकट वाटी का धुवावी, म्हणून मीच ती सिंकमध्ये विसळत होतो, गार पाण्याने. त्यात मला माझं चांगलं वागणं दिसत होतं.

मी आत गेलो. सिंकखाली बादली ठेवली आणि बसलो. गुडघा कडकन वाजला. बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा गाळ अडवणारा डबा, पान्याने सैल केला, मग हाताने फिरवला. आधी घाण पाणी आलं. मग काहीच येईना. मी बोट घातलं आणि ओढलं. पिवळट, मऊ, मेणासारखा गोळा निघाला. त्याच्यामागे पाईपात तसाच थर होता.

दुसऱ्याच्या घरी असं निघालं की मी म्हणतो, पाहा बाई, हे तुमचं तेल. इथे म्हणायची गरज नव्हती. टोरीचा वास लपत नाही. कडवट, जड वास असतो. माझ्या गुडघ्यांना तोच वास येत होता.

मी पाईपात फडकं सारून थर खरवडला. थर जाड नव्हता. खाली पाईप पांढरा होता, नवा आणला तेव्हा असतो तसा. मी इतकी वर्षं लोकांचे पाईप उघडतोय. जुन्या घरचा पाईप आतून काळा असतो, तेल दगडासारखं बसलेलं असतं, कापूनच काढावं लागतं. माझ्या पाईपात या एका हिवाळ्याचं तेल होतं, त्याआधीचं काही नव्हतं.

मदीहा मागे येऊन उभी होती. बुरखा घालून तयार.

"तुले वास आला?" मी विचारलं.

"हौ."

"तुले माहीत होतं?"

ती खाली पाहत म्हणाली, "वाटी तुमी धुता ते दिसे मले. राख संपली होती. मी माझे भांडे कागदानं पुसून राह्यली होती."

"मंग बोलली काऊन नाई? तुझ्या अब्बासमोर मी एवढं बोललो तुले."

"तुमी अम्मीचं नाव घेऊन बोलत होते, अब्बा. त्याच्यावर मी काय बोलू?"

बादलीतला गोळा परसात नेऊन टाकणं सोपं होतं. अकरमभाई पुढच्या खोलीत होते, त्यांना काहीच दिसलं नसतं. मदीहाही बोलली नसती, हे मला माहीत होतं. ती बोलली नसती हेच मला सहन होईना. मी बादली उचलली, पुढच्या खोलीत नेली आणि व्याह्यांच्या पायाशी ठेवली.

"वास घ्या अकरमभाई."

ते दचकले. मग वाकले. "टोरी आहे," ते म्हणाले. "माझी आई कंबरेले लावे."

"माझी आहे. मी लावतो. मीच वाटी धुतो सिंकात. तुमच्या पोरीनं एक थेंब ओतला नाई. पाईप काय असते ते तिले माहीत आहे. मलेच माहीत नव्हतं."

अकरमभाईंनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. हात कोपरापर्यंत बरबटलेले होते. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"हात धुऊन घ्या आधी," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "घेऊन मी जातोच तिले. रागानं नाई. पोरगी थकली आहे. तुमची बीवी गेली, पन तिचीबी सास गेली ना."

हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दोन वर्षं ती कनीजबरोबर त्या स्वयंपाकघरात होती.

ते निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. मदीहाने नेहमीप्रमाणे सलाम केला. मंगलीबाई अजून पायरीवर होती, तिला कोणी चहा दिला नव्हता. मी केला. पत्ती जास्त पडली. तिने तो प्यायला आणि टोपली उचलून निघून गेली. पिशवी पायरीवर होती.

दुसऱ्या दिवशी दिनेश नावाच्या माणसाकडे सिंक तुंबलं म्हणून बोलावणं होतं. मी ट्रॅप उघडत होतो आणि तो मागे उभा राहून बायकोला बोलत होता. "सतरा वेळा सांगतलं मयुरीले, तेल ओतत जाऊ नको. ऐकते कुठी? सांगा मिस्त्री तुमीच."

मयुरीबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी त्या घरी आधीही गेलो होतो. तेव्हाही तो हेच बोलला होता, आणि मी मान डोलावली होती.

"तुमी काय ओतता भाऊ?" मी विचारलं.

"मी? मी कायले सिंकाजवळ जाऊ?"

"मंग ओतणारीबी बाईच, पुसणारीबी बाईच. तुमी फडकं घ्या हातात."

त्याला ते चेष्टेत वाटलं. तो हसला. "तुमच्या घरी नाई ना तुंबत? मागं तुमीच म्हनत होते."

मी पाना फिरवत होतो. "नव्हतं तुंबत," मी म्हणालो. "बायको होती."

मयुरीबाईंनी मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी घरी कोणी नव्हतं. मी तेल गरम केलं, गुडघ्यांना लावलं आणि वाटी घेऊन उभा राहिलो. पिशवीतली चिमूटभर राख टाकली. ती लगेच भिजली. आणखी टाकली. बोटाने पुसत गेलो. वाटीच्या काठाला तेल राहतच होतं. एवढ्याशा वाटीला मूठभर राख लागली, तेव्हा कुठे ती कोरडी झाली. घरातल्या कढया, तवे, गंज माझ्या डोळ्यांपुढे आले. सणाला किती माणसं जेवून जायची तेही आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. मदीहाचा होता. ते पोहोचल्याचं सांगायला काल नदीमने गाडीवरून फोन केला होता, आज ती स्वतः बोलत होती.

"अब्बा, जेवले का?"

"जेवीन. आधी मंगलीची राख काढली."

"वाटी पुसली?"

"पुसली. राख कुठी टाकू? बादलीत टाकू का?"

"नाई नाई. घराच्या मागं, लिंबाजवळ. अम्मी तिथीच टाके."

ये म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. म्हटलं नाही. तो अधिकार मी त्या बादलीबरोबरच अकरमभाईंच्या पायाशी ठेवून आलो होतो. "बरं," एवढंच म्हणालो.

मी वाटी घेऊन मागे गेलो. अजून उजेड होता. लिंबाच्या झाडामागे, कुंपणाला लागून, राखेचा ढीग होता. माझ्या गुडघ्याइतका उंच. पावसाने बसून घट्ट झालेला, वर काळसर, तेलकट. त्याच्यावर गवत उगवलं नव्हतं. त्या वाटेने मी रोज टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला जातो.

मी वाकून वाटी त्याच्यावर उपडी केली. नवी राख फिकट दिसत होती. वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने जरा दाबली आणि तिथेच उभा राहिलो.