एकतीस पत्रांतलं एक वाक्य

"मोठ्या बाईंनी बोलावलंय," असं शिपाईमामांनी दारातून सांगितलं आणि इंग्रजीच्या सरांच्या बोटांत खडू मोडला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या सरांना वर्षातून एकदाच बोलावत, नेमणूक पुढे चालू राहणार की नाही ते सांगायला. त्याला अजून चार महिने होते.

"कोण आलंय, मामा?" सरांनी बाहेर येऊन विचारलं.

"कारखान्याचे साहेब. तुमची पत्रं घेऊन आलेत."

"माझी कसली पत्रं?"

"आता घ्या. टेबलावर गठ्ठा तुम्हीच ठेवला होता ना? पाकिटं बंद, वर पत्ता. मी म्हटलं, सर विसरले असतील. तिकिटं लावून टाकली पेटीत." मामांच्या चेहऱ्यावर केलेल्या उपकाराचं समाधान होतं.

सरांच्या पायाखालची वाळू सरकली.

झालं होतं असं. पुस्तकात 'जगापुढचे प्रश्न' नावाचा धडा होता. वितळणारा बर्फ, जळणारी जंगलं, बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं अस्वल. "या विषयावर कोणालाही एक पत्र लिहा," असं सर म्हणाले, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "सर, अस्वलाला इंग्रजी येते का?" वर्ग हसला. सरही हसले आणि तिथेच फसले. त्यांना वाटलं, जग इतक्या लांब कशाला शोधायचं? शाळेमागून नदी वाहते, पलीकडे कापड रंगवायचा कारखाना आहे. त्यालाच लिहू. सरावापुरतं. पत्ता मात्र खरा, पाकीटही खरं, म्हणजे रीत कळेल. खाली नाव नको, नुसतं 'एक विद्यार्थी' आणि शाळेचा पत्ता.

सरांना दोन खोडी होत्या. मोघम वाक्य दिसलं की ते समासात लाल पेनानं लिहीत, 'कधी? कुठे? कोणी सांगितलं?' आणि वर्गात एखादं वाक्य फार चांगलं निघालं की ते फळ्यावर लिहून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावत.

चिमणीनं आधी 'नदीचं पाणी घाण होतं' एवढंच लिहिलं होतं. हजेरीला तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे, म्हणून ती चिमणी. सरांनी लाल पेन चालवलं. दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं, 'दर सोमवारी सकाळी सहा वाजता माझे बाबा मागचा व्हॉल्व्ह उघडतात आणि मग नदी निळी होते.' एकही चूक नाही. सरांना इतका आनंद झाला, की वाक्याचा अर्थ डोक्यात शिरलाच नाही. ते त्यांनी फळ्यावर लिहिलं.

आता तो अर्थ मोठ्या बाईंच्या टेबलावर पसरून पडला होता. साहेब पत्रं पत्त्यांसारखी हातात फिरवत होते.

"एकतीस पत्रं, सर. एकतीस मुलांचे बाबा आमचा एकच व्हॉल्व्ह उघडतात. आमच्याकडे व्हॉल्व्हपेक्षा बापच जास्त झाले."

मोठ्या बाई हसल्या. सरांनीही हसून पाहिलं.

"हे वाक्य पहिल्यांदा कोणी लिहिलं, तेवढं सांगा," साहेब सावकाश म्हणाले. "त्या पाळीला आमची चारच माणसं असतात. बाकीचं आम्ही बघू."

सरांना चिमणीचे बाबा आठवले. प्रवेशाच्या दिवशी टोपी हातात चुरगाळत ते म्हणाले होते, "पोरीला इंग्रजी येईल ना, सर?" आली होती. चांगलीच आली होती.

"सांगून टाका, सर," मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमचा काय दोष? मुलं काहीही लिहितात."

हजेरीपुस्तक टेबलाच्या कडेला होतं. सरांचा हात त्याच्याकडे गेलासुद्धा. नाव सांगितलं की सुटलो, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. मग ते म्हणाले, "वाक्य माझं आहे. फळ्यावर मीच लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं."

आवाज चिमणीपेक्षाही बारीक निघाला.

"असं?" साहेब म्हणाले. "मग हे तुम्हाला कधी दिसलं? कुठून? की कोणी सांगितलं?"

लाल पेनातले तिन्ही प्रश्न समोर येऊन बसले होते.

"पुलावरून. मी पाहिलंय." सरांनी आयुष्यात सोमवारी सहाला पूल पाहिला नव्हता. सोमवारी त्यांना उशिरा जाग येई.

"लेखी द्या," साहेब उठले. "तारीख, वेळ, सही. खोटं निघालं तर बाई काय करायचं ते करतीलच."

"सोमवारी दुपारपर्यंत," मोठ्या बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

मामांचं दारातलं बोलणं वर्गानं ऐकलं होतं. चिमणी उभी राहिली. "सर, माझं वाक्य चुकलं का?"

"तुझं कुठलं?" सरांनी मोडलेला खडू उचलला. "फळ्यावर कोणी लिहिलं होतं?"

तिनं फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही."

"झालं तर मग."

एकतीसच्या एकतीस मुलांना कळलं, आता ते वाक्य सरांचं होतं.

सोमवारी सर उजाडताच निघाले. बायको म्हणाली, "एवढ्या सकाळी कुठे?"

"गृहपाठ राहिलाय."

पुलावर कोणी नव्हतं. कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी एक टोपीवाला माणूस आला आणि व्हॉल्व्हच्या चाकाला हात घालता घालता त्यानं वर पाहिलं. सरांना पळून जावंसं वाटलं. कठडा धरून ते उभे राहिले. तो माणूसही तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग आतून कोणीतरी ओरडलं, आणि त्यानं मान खाली घालून चाक फिरवलं.

आधी एक निळी रेघ आली. मग ती रुंद होत होत पुलाखालून गेली.

सरांनी वही उघडली. सहा वाजून चार मिनिटं. चाक कोणी फिरवलं, ते त्यांनी लिहिलं नाही. 'कोणी सांगितलं?' यापुढे लिहिलं, 'कोणी नाही. मी पाहिलं.' खाली सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं होतं, की एखाद्या मुलाच्या वहीत असतं तर त्यांनी पुन्हा लिहायला लावलं असतं.