देवाचं, दोन, तीन

देवाजींनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि दीपमालाच्या कीबोर्डशेजारी उलगडली. आत सुताचे तुकडे होते, बोटभर, दीड बोटभर. त्यांनी एक उचलून वाकवला. वाळल्या गवताच्या काडीसारखा तो मोडला.

"सूत असं मोडते का, ताई?" ते म्हणाले. "चाळीस मीटरचा ताणा होता. मागावर चढवला, अन् दोन वीत विणून नाही झालं, तर हे."

देवाजी नंदनवार हे टिमकीतल्या हातमाग प्रशिक्षण केंद्राचे चिटणीस. आयटी पार्कमधल्या या काचेच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच आले होते आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. मूळ विषयावर यायला त्यांना वेळ लागला. केंद्राची वेबसाइट दीपमालानेच उभी केली होती. तिच्यावर एक पान पांजणीचं होतं. पांजणी म्हणजे मागावर चढण्याआधी उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, भाताची खळ पाजणं. ते पान इंदुताई निखारे यांनी सांगितलेलं, केंद्रातल्या सर्वांत जुन्या शिकवणाऱ्या बाईंनी. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या तीन आठवडे घरी राहिल्या. तेवढ्यात उमरेड-भिवापूरकडच्या सहा जणींनी पान समोर धरून, अक्षर न् अक्षर पाळून, पांजणी केली. ताणा वाया गेला.

"पानावरून बाईंचं नाव काढून टाका," देवाजी टेबलाकडे बघत म्हणाले. "अन् सोमवारपासून त्यायनं घरीच राहावं, असं समितीचं म्हणणं हाये. वय झालं. सांगता सांगता काही सुटलं असन. मले त्यायच्या तोंडावर नाही बोलता येत. मीच त्यायच्या हाताखाली शिकलो. तुमच्या आत्या हायेत, तुम्हीच सांगा."

दीपमालाने सोमवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. तो शुक्रवार होता. देवाजी गेले, पुडी तशीच राहिली.

दीपमाला एक्केचाळीस वर्षांची होती आणि त्यातली अकरा वर्षं याच टेबलाशी गेली होती. पानं देखणी करणारे दुसरे होते. तिचं काम लोकांनी पाठवलेला मजकूर पानावर नीट बसवण्याचं. शाळांचे नियम, दवाखान्यांच्या वेळा, मंगल कार्यालयांच्या अटी तिच्या हातून गेल्या होत्या. तिच्या आजोबांच्या घरी चार माग होते. वडिलांनी शेवटचा विकला आणि कळमेश्वरच्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी धरली. आडवं सूत नेणारा धोटा तिने कधी फेकला नव्हता. पण शेजारी बसणाऱ्या कुणालाच नसलेली एक ओढ तिला होती. यादी दिसली की तिचा हात थांबायचा. ही यादी कुठल्या जातकुळीची, हे कळल्याशिवाय तिला पुढे जाववत नसे.

साहिल त्यावरून तिची खेचायचा. तो शेजारच्या टेबलावरचा, सव्वीस वर्षांचा, रंगांचा जाणकार.

"ताई, ओळीआधी ठिपका टाक अन् सोड ना," महिन्याभरापूर्वी, पांजणीचं पान चाललं होतं तेव्हा तो म्हणाला होता. "दिसते तर सारखंच. यूएल काय, ओएल काय, कोणाले काय फरक पडते?"

"ज्याले दिसते त्याले नाही पडत."

"तुझी आत्या काय वेबसाइट पाहणार हाये?"

"पाहणार नाही. आयकणार हाये."

त्याला तिने समजावून सांगितलं होतं. हाताने ठोकलेला ठिपका म्हणजे फोनच्या लेखी नुसता डाग. पान वाचून दाखवणारा फोन त्यावरून घसरत जातो, कुठे सुरू झालं नि कुठे संपलं याचा त्याला पत्ता नसतो. खरी यादी बांधली, की वाचण्याआधीच तो सांगतो, ही यादी आहे, इतक्या बाबींची आहे. ऐकणारा तेवढी बोटं मनात उघडून बसतो. मग यादी कुठली ते निवडायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायांत आधी कोण आणि नंतर कोण याला अर्थ नसतो. तशी अवजारं: कुंचा, फणी, कांडी, धोटा. ती ठिपक्यांची यादी, पानाच्या कोडमध्ये यूएल. जात्यावरची ओवी मात्र पहिली, दुसरी, तिसरी अशीच येते, उलटली की दळणाची लय मोडते. तशी कामाची पायरी. ती आकड्यांची, ओएल. आणि कोडं घातलं की त्याच्या पाठोपाठ उत्तर बसतं, तशी नाव आणि अर्थाची जोडी. करवतकाठ म्हणजे करवतीच्या दात्यांचा काठ, रुईफूल म्हणजे रुईच्या फुलांची ओळ. ती तिसरी, डीएल.

"तू बाकी कुठं कुठं जाते ताई," साहिल हसत म्हणाला होता. पण त्या दिवसानंतर मंगल कार्यालयाच्या अटींना आकडे लावायचे की ठिपके, हे तो तिला विचारू लागला होता.

पांजणीच्या पायऱ्या तिने आत्याच्या ओसरीवर बसून उतरवून घेतल्या होत्या. आत्या सांगायची कमी, गुणगुणायची जास्त.

देवाचं पयलं वं, दुसरं धरतीचं,
तिसऱ्यानं जोडू बाई, तुटलं असन ज्याचं…

ओवी गोड होती. दीपमालाने ती ऐकली आणि वहीत घेतली नाही. कामाचं तेवढं घेतलं. सुताला पाणी दाखवा, शिंपडा, पाया पडा, हे आत्याने सगळ्यात आधी सांगितलेलं तिने पानाच्या माथ्यावर वेगळं ठेवलं, घरात देव्हारा वेगळा असतो तसं. त्याखाली आकड्यांची यादी बांधली. ताणा गल्लीभर ताणा. तुटके धागे जोडा. कुंच्याने खळ लावा. पालटून दुसऱ्या बाजूनेही लावा. आणि मग ते वाक्य, जे आत्याने दोनदा म्हणून घेतलं होतं: अर्धं सुकलं की परत तिसऱ्यावर या, तिथून सरळ सातव्यावर जा. त्यापुढे कुंच्याला तेल, सावलीत सुकवणं, गुंडाळणं. पान आत्याला वाचून दाखवायचं राहिलं. ऑपरेशनची तारीख मध्ये आली.

शनिवार तिने तेच पान उघडून घालवला. शब्द न् शब्द वहीशी ताडून पाहिला. एक कानाही इकडचा तिकडे नव्हता. म्हणजे जे चुकलं ते सांगताना चुकलं. रविवारी दुपारी ती अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरली, टिमकीच्या गल्लीत शिरली. हातात संत्र्यांची पिशवी होती आणि देवाजींचा निरोप जिभेखाली होता.

आत्याला तो निरोप आधीच पोचला होता. शिकणाऱ्या बायांपैकी दोघी रडत येऊन गेल्या होत्या. काळा चष्मा लावून ती ओसरीत बसली होती. एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, दुसऱ्यात धुक्याएवढं उरलेलं. संत्रं तिने सोललं नाही, नुसतं हातात फिरवत राहिली.

"मीच इसरली असन वं," ती म्हणाली. "डोये जाऊन राहिले ते समजलं मले. पन आतलंबी जाऊन राहिलं, हे नोतं समजलं. सत्तावन साल केली पांजणी. बायायचं सूत जाळलं म्या."

 दीपमालाने फोन काढला. कशासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. बहुधा एवढंच, की आत्यासाठी केलेलं पान आत्याने एकदा ऐकावं. वाचणारा आवाज सुरू करून तिने फोन आत्याच्या मांडीवर ठेवला आणि बोट कसं सरकवायचं ते तिचं बोट धरून दाखवलं.

फोन बोलू लागला. एका सपाट, न थकणाऱ्या बाईच्या आवाजात त्याने मथळा वाचला, इंदुताई निखारे हे नाव वाचलं. आत्याची मान किंचित वर झाली. मग पाणी दाखवून पाया पडण्याचा मजकूर. मग:

"यादी. आठ बाबी."

संत्रं फिरायचं थांबलं.

"किती म्हने थे?"

"आठ."

"नऊ हायेत."

दीपमालाने पडद्यावर बोट ठेवून मोजलं. आठ होत्या. वहीतून एकही सुटली नव्हती. आत्याने डावा हात पुढे केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, जशी ती तिच्या आईने मोजली असतील. "देवाचं," करंगळीच्या पहिल्या पेरावर. "सुताले पानी. दोन, तानायचं. तीन, तुटलं ते जोडायचं. चार, खळ. पाच, पालटायचं. सहा, परत तीनवर येऊन सातवर जायचं. सात, कुंच्याले तेलाचा हात. आठ, सावलीत सुकवायचं. नऊ, गुंडायायचं. झाले का नाही नऊ?"

"पाण्याची ती पूजा ना, आत्या?"

"पूजा कायची वं. पान्याबिगर सूत खळ कसं पेईन? कामच हाये थे. पन पयल्याले एक नाही म्हनत आपल्यात. पयलं देवाचं. तुया आजा ज्वारी मापे तवाबी असाच मोजे. देवाचं, दोन, तीन. कोनी सांगतलं नाही तुले?"

"मी मागापाशी बसलीच कधी, आत्या."

ते म्हणता म्हणता दीपमालाच्या डोळ्यांपुढे पान उलगडत गेलं. देवाचं तिने यादीबाहेर काढून ठेवलं होतं. म्हणून आत्याचं दुसरं पानावर पहिलं झालं होतं आणि पुढचं सगळं एकेक घर मागे सरकलं होतं. आत्याचं तिसरं म्हणजे तुटलेलं जोडणं, पानाचं तिसरं म्हणजे खळ. बाया परत तिसऱ्यावर आल्या, पानाच्या तिसऱ्यावर, आणि जोडायचं सोडून खळीवर खळ चढवली. मग सरळ सातव्यावर गेल्या, पानाच्या सातव्यावर, सुकवायला. पानाचं सहावं, तेल, मध्येच राहिलं. दुप्पट खळ आणि तेलाचं बोट नाही, तर सुताची काडी होणारच. त्या सहा जणींचं काहीच चुकलं नव्हतं. आत्याचंही नाही.

तिने ते एकेक पायरी करत आत्याला सांगितलं.  आत्याने पेरं पुन्हा एकदा मोजली.

"म्हंजे मी इसरली नाही," ती म्हणाली.

"नाही. चूक माझी हाये."

"मी इसरली नाही," आत्याने पुन्हा म्हटलं, या वेळी भाचीला नाही, मांडीवरच्या फोनला. मग तिने संत्रं सोलायला घेतलं. सालीचा वास ओसरीभर झाला. एक फोड तिने दीपमालाच्या दिशेने धरली, हात थोडा चुकला, दीपमालाने पुढे होऊन घेतली.

ऊन उतरायच्या आत दीपमालाने तिथेच लॅपटॉप उघडला आणि पान दुरुस्त केलं. पाण्याची पायरी यादीच्या आत आली, सगळ्यांच्या आधी. मग अडलं ते आकड्यापाशी. आपोआप तिथे एक येत होता. आत्याने ऐकलं आणि नाही अशी मान हलवली. एक म्हणणाऱ्या घरात बरकत राहते का, असं ती म्हणाली. दीपमालाला मौज वाटली, आणि ते कसं करावं याचं कुतूहलही. अर्धा तास ती शोधत राहिली. पहिल्या बाबीचा आकडा झाकून त्या जागी शब्द ठेवता येतो, आणि त्याने मोजणी बिघडत नाही, हे तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा समजलं. पडद्यावर उमटलं: देवाचं. त्याखाली दोन. त्याखाली तीन. तिने साहिलला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की हे मलेबी शिकव.

सोमवारी सकाळी केंद्रापुढच्या गल्लीत नवा ताणा ताणायचं चाललं होतं. आत्याला हाताला धरून दीपमाला तिथे पोचली. सहा जणी बाजूला झाल्या, कुणी वर बघेना. दीपमालाने पर्समधून पुडी काढून देवाजींच्या हातात दिली आणि जे झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. देवाजींनी मध्येच डोळे मिटले, अंगठा पेरांवर नेला आणि ओठांत मोजलं. देवाचं, दोन, तीन. त्यांनाही हे ठाऊक होतं. पान तपासायला त्यांच्याकडेच आलं होतं, आणि पडद्यावरचा एक हा आकडा त्यांनाही खुपला नव्हता.

"समितीले काय सांगू आता?" त्यांनी विचारलं. "कोनाचं नाव काढू?"

"माझं काढा."

"तुमचं कुठं हाये ताई पानावर?"

"नाही," दीपमाला म्हणाली. "आमचं नसते."

देवाजींनी पुडी खिशात घातली. समितीशी मी बोलतो म्हणाले. वेबसाइटचं पुढचं काम समिती कुणाला देईल, ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. ते आत गेले आणि आत्याची बुटकी खुर्ची स्वतः उचलून गल्लीत घेऊन आले.

आत्या बसली नाही. चप्पल काढून ती ताण्यापाशी गेली, पाण्यात हात बुडवला आणि ते सुतावर शिंपडलं. थेंब धाग्याधाग्यावर थरथरले. एका बाईने आपल्या फोनवर ते पान सुरू करून तो खुर्चीवर ठेवला. सपाट आवाज म्हणाला, यादी, नऊ बाबी. आत्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. ताणलेल्या सुतावरून तिचा तळहात सरकत गेला, नदीच्या पाण्यावरून जावा तसा, आणि मध्येच अडला. तिला एक सुटलेलं टोक सापडलं होतं. दुसरं टोक तिची बोटं चाचपत होती.

फोन पुढचं सांगायला लागला, खळ कशी लावायची ते.

"थांब वं बाई," आत्या त्याला म्हणाली. "तीनवरच हावो आपन."

दीपमालाने फोन थांबवला. सहा जणी जवळ सरकल्या आणि वाकून बघू लागल्या. थुंकीने ओला केलेला अंगठा, दोन टोकं, एक पीळ. आत्याने हात काढून घेतला, तेव्हा धागा कुठे तुटला होता ते कुणालाच दाखवता आलं नसतं.