टोपणभर माल, बादलीभर पाणी

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या 'सुंदरा मंगल कार्यालया'त लग्नाला आलेली माणसं ऑफिसातल्या हार घातलेल्या फोटोपुढं हात जोडायला जातात आणि मधेच थांबतात. फोटो म्हशीचा आहे. कृष्णातअण्णांनी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सुंदराचं दूध विकून हे कार्यालय उभारलं. गिऱ्हाईक समोर, म्हैस समोर, धार थेट पेल्यात. पाणी घालायला मधे जागाच नाही. 'आमच्या घराण्यात पाण्याचा थेंब कुणी घातला न्हाय' हे अण्णा दिवसातून एकदा तरी म्हणतात, आणि त्यासाठी पाण्याचा विषय निघावा लागतो असंही नाही.

असल्या माणसाला मी फरशी पुसायचं लिक्विड विकतो. लक्ष्मीपुरीत माझं दुकान आहे. फिनेल, अ‍ॅसिड, हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना लागणारं सगळं मिळतं, पण चूल पेटते ती एका मोठ्या कंपनीच्या जिल्हा एजन्सीवर. अण्णा माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते जे वापरतील ते बावड्यापासून गडहिंग्लजपर्यंतची कार्यालयं डोळे झाकून उचलतात.

यंदा कंपनीला ट्रेंड चावला. तयार लिक्विडचे ड्रम बंद. आता फक्त घट्ट माल, छोट्या कॅनमधे; टोपणभर माल बादलीभर पाण्यात घालायचा आणि पुसायचं. वर निरोप आला की लग्नसराईच्या आत हा माल खपला नाही तर कोल्हापूरची एजन्सी सांगलीच्या एजंटाला देऊ. सांगलीच्या! दुसरं काहीही बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

गिऱ्हाइकांना समजावून सांगायला पुण्याहून यशराज नावाचा अधिकारी आला. पोरगा गुणी होता, पण त्याला गप्प बसण्याचं शिक्षण कुणी दिलं नव्हतं. सुंदराच्या फोटोखाली बसून त्यानं लॅपटॉप उघडला.

"सर, जगभरात सध्या ट्रेंड आहे तो..."

"जगाचं ऱ्हाऊ द्या पावणं, चा घ्या," अण्णा म्हणाले.

यशराजनं कप बाजूला सारला. "सर, जुन्या ड्रममधे जवळजवळ सगळं पाणीच असायचं. आम्ही ट्रकमधून पाणीच फिरवत होतो. तुम्ही इतकी वर्षं पाण्याचे पैसे देत होता!"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली. अण्णांनी कप खाली ठेवला, फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अमर, पाणी हुतं?"

"अण्णा, समद्याच कंपन्यांचं तसंच..."

"हुतं का न्हाय तेवढं सांग."

"हुतं."

"सुंदराच्या फोटूखाली बसून मला पाणी इकलंस व्हय रं? एवढी वर्सं?"

फरशीच्या लिक्विडात पाणी असणारच, त्यात कसली भेसळ? सगळं जग तसंच विकतं. पण हे अण्णांना सांगायचं म्हणजे आपल्या हातानं विस्तव पदरात घ्यायचा. यशराजला मात्र वाटलं, गिऱ्हाईक पटतंय. तो हसून म्हणाला, "म्हणूनच सर, आता पाणी तुम्ही स्वतःच घालायचं!"

"मी?" अण्णा उभे राहिले. "मी पाणी घालू?"

नमुन्याचा कॅन उचलून त्यांनी विचारलं, "ह्यात पाणी न्हाय न्हवं?"

"जवळजवळ नाहीच, सर."

"मग ह्यो असाच वापरणार. उद्या साखरपुडा हाय हॉलात. चोख माल चोखच वापरायचा. निघा आता."

मी दारातून ओरडून सांगितलं, तसं करू नका. त्यांनी दार लावून घेतलं. गाडीत यशराज म्हणाला, मीटिंग पॉझिटिव्ह झाली. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले, कारण मला गाडी चालवायची होती.

सकाळी फोन आला. "ये. आत्ताच्या आत्ता ये."

हॉलचं दार उघडलं आणि फेस बाहेर आला. अण्णांच्या माणसांनी अख्खा कॅन फरशीवर पालथा केला होता, घासला होता आणि मग धुवायला पाइप लावला होता. जेवढं पाणी तेवढा फेस, उतू गेलेल्या दुधासारखा कडेनं चढत चाललेला. स्टेजवर नवरदेवाच्या खुर्चीत अण्णा पाय वर घेऊन बसले होते. यशराज त्यांना नमस्कार करायला म्हणून दारातून आत गेला आणि न थांबता थेट स्टेजपर्यंत पोचला, पाठीवर.

"या पावणं," अण्णा म्हणाले.

दुपारी नवरीकडची माणसं येणार होती. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही सगळे फेस ढकलत राहिलो. गच्चीवरची टाकी संपली, मग टँकर मागवला. शेवटी फरशी अशी लखलखली की अण्णा खाली उतरले आणि वाकून स्वतःच्या मिशा बघू लागले.

"माल बरा हाय," ते म्हणाले. "पर पाणी लागलंच की शेवटी. म्हंजे भेसळच."

तिथं माझं टाळकं सटकलं. मी भिजलेलो, कंबर मोडलेली, एजन्सी जायच्या वाटेवर, आणि हा माणूस अजून तिथंच!

"अण्णा, मालात पाणी घालायचंच न्हाय! पाण्यात माल घालायचा! विरजण लावताना काय करता? चमचाभर विरजण, पातेलंभर दूध. दह्यात भेसळ केली म्हणतंय का कोण?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"विरजण! आरं मर्दा, मग हे आदी बोलायचं न्हाईस व्हय? दे की मग."

"किती कॅन टाकू?" मी खिशातून पेन काढलं.

"एक."

"एकच?"

"विरजण कोण पोत्यानं आणतंय? एकदाच आणायचं. मग रोजच्या बादलीतलं तांब्याभर राखून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्येच लावायचं. घरात विरजण असताना बाजारात कशाला जायचं?"

मी ओल्या फरशीवर बसकण मारली. रडू येत होतं, खरंच येत होतं. आता युक्ती सुचत नव्हती, म्हणून खरं तेच तोंडातून गेलं. "अण्णा, ह्यो माल तुमी उचलला न्हाई तर माझी एजन्सी सांगलीला जातीया."

"कुठं?"

"सांगलीला."

अण्णांच्या मिशा थरथरल्या. "सांगलीला? आन तू मला काल जगाचा ट्रेंड दावत बसलाईस? हे आदी सांगायचं, खुळ्या!"

त्यांनी उभ्याउभ्या सगळ्या लग्नसराईचा माल सांगितला. मग फोन काढून गडहिंग्लजच्या कार्यालयवाल्यांनाही दरडावलं. यशराजनं ऑर्डर लिहून घेतली. लॅपटॉप भिजला होता म्हणून ती त्यानं माझ्या पेनानं हातावर लिहिली. माझ्या जिवात जीव आला.

"पर एक अट हाय," अण्णा म्हणाले. "तुझ्यावरचा माझा इस्वास उडालाय. मी जन्मभर गिऱ्हाइकासमोर धार काढली. तू बी माझ्यासमोर मिसळायचं. रोज."

तेव्हापासून मी, जिल्ह्याचा अधिकृत एजंट, रोज सकाळी बावड्याला जातो. सुंदराच्या फोटोसमोर बादली ठेवलेली असते. अण्णा खुर्ची जवळ ओढून माझ्या हाताकडं बघतात. आधी पाणी, मग टोपणभर माल. ते "हां" म्हणाले की मी सुटतो. मग मागच्या गोठ्यात सुंदराच्या नातीची धार ते माझ्या डोळ्यांदेखत काढतात आणि फेसाळता पेला माझ्या हातात देतात. पहिले काही दिवस मी चिडून प्यायलो. आता एखादा दिवस चुकला तर मला चुकल्यासारखं वाटतं.

यशराजनं मात्र कंपनीला सविस्तर कळवलं. कोल्हापुरात नवा ट्रेंड दिसतो आहे, गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन समोर मिसळून दिलं की विक्री वाढते. कंपनीनं लगेच आदेश काढला की सगळ्या जिल्ह्यांच्या एजंटांनी रोज सकाळी असंच करावं.

काल मला सांगलीच्या एजंटाचा फोन आला होता. तो पहाटेपासून बादल्या घेऊन हिंडत होता. तो मला काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ऐकून मला फार बरं वाटलं.