क्रँक गातोय का?

माझ्याशी वाद घालायला चिंबोते बंदरात सहसा कुणी येत नाही. अठ्ठावीस वर्षं मी मासेमारी बोटींच्या इंजिनांचे क्रँक, म्हणजे इंजिन फिरवणारे पोलादी दांडे, घासतेय. झिजलेला क्रँक आणा, ग्राइंडिंगच्या चाकाखाली पाव मिलिमीटर उतरवून देते, नख अडकणार नाही इतका गुळगुळीत. पण लोक माझ्याकडे हातासाठी येत नाहीत, कानासाठी येतात. घासून झालेला क्रँक दोरीने टांगायचा आणि लहान हातोडीने टिचकी मारायची. पोलाद धड असेल तर बराच वेळ घुमतं. आत चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. मग वर्कशॉपातलं कुणीतरी विचारणार, "मावशी, गातोय का?" आणि मी सांगणार. चीर शोधायचं यंत्र त्रुहियो शहरात आहे, पण तिकडे दोन दिवस कोण घालवतो? सोराइदा मावशी 'गातोय' म्हणाली की क्रँक बोटीवर चढला.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा क्रँक टांगला होता. बुधवारी पहाटे अँचोव्ही मासळीचा हंगाम उघडणार, त्यामुळे एदिल्बेर्तो दारातच उभ्या उभ्या सेविचे, लिंबात मुरवलेली कच्ची मासळी, खात होता.

"ताई, लवकर उरक. नऊ माणसं खोळंबलीत माझी."

"एवढी घाई असेल तर बायकोकडून घासून घ्यायचा होतास," मी म्हटलं.

"तिने मलाच घासून पार झिजवलंय," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मी टिचकी मारली. ऐकू काही आलं नाही. कॉम्प्रेसर चालू होता, असं मी मनाला सांगितलं. वर्षभर मी मनाला असंच काहीतरी सांगत होते. नात पाठीमागून हाक मारायची ते मला कळायचं नाही, आणि ती पुटपुटते म्हणून मी तिलाच रागवायचे. वर्कशॉपात मी एक युक्ती काढली होती. टिचकी मारली की हळूच बोट टेकवायचं. थरथर लागली की म्हणायचं, गातोय. इतक्या वर्षांत बोटालाही कळत असेलच की. दुसरं काय करणार होते? कान गेला म्हटल्यावर मला या बंदरात कोण विचारतो?

बोटाला थरथर लागली. "गातोय," मी म्हटलं. एदिल्बेर्तोने माझ्या गालाचा मुका घेतला आणि रातोरात बसवायला क्रँक घेऊन गेला.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला ग्राइंडरवर नवं चाक चढवायचं होतं. चाकालाही तोच नियम. तडकलेलं चाक वेगात फिरलं तर फुटून माणसाच्या छातीत घुसतं, म्हणून चढवण्याआधी लाकडी मुठीने वाजवून बघायचं. मी वाजवलं, बोट टेकवलं, थरथर लागली. "चढव," मी विल्डरला म्हटलं. विल्डर माझ्या शेजारच्या मशीनवर बारा वर्षं आहे. त्याने चाक उचललं, सवयीने एकदा वाजवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"मावशी, सकाळी सकाळी चेष्टा करतेस? हे तडकलंय. बहिऱ्यालासुद्धा कळेल."

सगळे हसले. मीही हसले. त्याने चाक फरशीवर आपटलं, त्याची सरळ दोन शकलं झाली.

बोटाला थरथर लागली होती. म्हणजे फुटक्यालाही लागते. मेले मी, काय करून बसले. भाऊ पहाटे चारला समुद्रात गेला होता. भरल्या जाळ्यासकट भर लाटांत क्रँक तुटला तर इंजिन बोटीचं लाकूड फोडून बाहेर येतं. अशा बोटीतून परत आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

एप्रन अंगावर तसाच ठेवून मी धक्क्यावर धावले. वायरलेसच्या खोलीत मारुखा असते, पोरगी बोटींशी बोलून बोलून घसा बसवून घेते. पलीकडचा आवाज मला कळेना, म्हणून मी बोलत होते आणि ती उत्तरं सांगत होती.

"एदिल्बेर्तो, परत फिर. क्रँकचा भरवसा नाही."

"तो म्हणतोय, जाळं टाकलंय, मासळी तुडुंब आहे. तूच तर गातोय म्हणालीस."

"चुकलं माझं."

"म्हणतोय, ताई कधी चुकत नाही. वाईट स्वप्न पडलं असेल, पोटभर खा आणि झोप."

गाढव कुठला. माझ्या तोंडापेक्षा माझ्या कानावर त्याचा जास्त विश्वास. सगळ्या बोटी या एकाच चॅनेलवर असतात, हंगामाच्या पहिल्या दिवशी तर एकूण एक. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बटण दाबलं.

"नीट ऐक. मला ऐकू येत नाही. वर्षभर येत नाही. तुझा क्रँक मी ऐकलाच नाही, मी खोटं बोलले. जाळं काप, इंजिन बंद कर, कुणाला तरी ओढून आणायला सांग. तुझ्या पाया पडते रे."

बटण सोडलं. मारुखा माझ्याकडे बघत होती. वायरलेस बोलत होता की गप्प होता, मला कळत नव्हतं.

"काय म्हणाला?"

तिने हात वर करून थांबवलं. मग म्हणाली, "बंद केलं. इंजिन बंद केलंय म्हणतो."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. नऊ माणसं आणि माझा भाऊ. डोकं वर केलं तेव्हा मारुखा भराभर काहीतरी लिहीत होती. थांबतच नव्हती.

"आता कोण बोलतंय?" मी विचारलं.

तिने कागद माझ्याकडे वळवला. बोटींची नावं होती. मार ब्रावा. सान होसे. फ्लोर दे हुआन्चाको. एकाखाली एक चौदा नावं, आणि ती अजून लिहीत होती.

"सगळे एकच विचारताहेत," ती माझ्या तोंडासमोर येऊन, ओठ मोठे करून म्हणाली. "आमचा ऐकला होतास का?"

मी पहिल्या नावापासून वाचत गेले. एकाही नावापुढे मला हो म्हणता येईना.